ॲप्लिकेशन सर्व्हरची रोजची गस्त

(रत्नागिरी येथे संगणक शाखेचे विद्यार्थी आणि जिल्ह्यातील बँका, पतसंस्था व कार्यालयांत सर्व्हर सांभाळणारे कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या रात्रीच्या गाडीने चिपळूण, रत्नागिरी, कणकवली असा प्रवास ज्यांनी केला आहे, त्यांना डोंगर फोडून काढलेल्या खिंडीच्या तोंडाशी रेनकोट घालून, हातात दिवा घेऊन उभा असलेला गस्तीचा कर्मचारी नक्की आठवेल. रोहा ते ठोकूर या ७०० किलोमीटरहून लांब मार्गावर पावसाळ्याचे वेळापत्रक वेगळे असते, गाड्यांचा वेग कमी केलेला असतो, ठरावीक स्थानकांवर पर्जन्यमापक बसवलेले असतात, रत्नागिरीजवळच्या ६४ मीटर उंच पानवल पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र आहे, आणि वाशिष्ठीच्या पुलाशी पाणी धोक्याच्या पातळीकडे निघाले की इशारा देणारी यंत्रणा आहे. इतकी उपकरणे असूनही माणसाची गस्त थांबलेली नाही. तो रोज त्याच टप्प्यावरून चालतो, म्हणूनच कोणत्या कातळातून वर्षानुवर्षे पाणी झिरपते आहे आणि कोणत्या जागी आज पहिल्यांदाच गढूळ पाणी दिसते आहे, हा फरक त्याच्या लक्षात येतो.

ॲप्लिकेशन सर्व्हरची देखरेख मला याच जातीचे काम वाटते. गेली अनेक वर्षे मी हे काम करतो आहे आणि माझा अनुभव असा आहे की सर्व्हर अचानक पडल्याचे जे प्रसंग आपण एकमेकांना सांगतो, त्यांतील बहुतेक अचानक नव्हतेच. बिघाडाची खूण चार दिवस आधी, कधी चार आठवडे आधी, कुठल्या तरी ग्राफवर किंवा लॉगच्या, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीच्या, एखाद्या ओळीत उमटलेली होती. पण सर्व्हर ठणठणीत असताना तो कसा दिसतो हे कोणी पाहून ठेवलेले नसल्यामुळे ती खूण वेगळी म्हणून ओळखता आली नाही.

विद्यार्थ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. पतसंस्थेच्या काउंटरवरचा कारकून पडद्यावर खातेदाराचा क्रमांक टाकतो, तेव्हा ती विनंती आधी सर्व्हरमध्ये काम वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरकडे, तिथून ॲप्लिकेशन सर्व्हरकडे आणि तिथून डेटाबेसकडे जाते. व्याज कसे मोजायचे, कोणाला किती रक्कम काढू द्यायची, कोणता व्यवहार अर्धवट राहिल्यास उलटवायचा, हे सारे नियम मधल्या थरात, म्हणजे ॲप्लिकेशन सर्व्हरवर, चालतात. १९९० च्या दशकाच्या शेवटी वेबलॉजिक आणि वेबस्फिअर ही त्यासाठीची उत्पादने पुढे आली, डिसेंबर १९९९ मध्ये जे-टू-ईई या नावाने जावाच्या उद्योगस्तरीय प्रणालीची पहिली आवृत्ती निघाली, आणि त्यानंतर जेबॉस, ग्लासफिश, टॉमकॅट यांनी आपापली जागा घेतली. पुढे ओरॅकलने ही प्रणाली एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवली आणि आता ती जकार्ता ईई या नावाने ओळखली जाते. नावे आणि मालक बदलले, पण ॲडमिनने, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्याने, काय पाहायचे ते फारसे बदलले नाही. विनंत्या हाताळणारे थ्रेड, डेटाबेसकडे जाणारी कनेक्शन आणि जावाची मेमरी, म्हणजे हीप, यांच्याभोवतीच आजही आमचा बहुतेक दिवस जातो.

थ्रेडपासून सुरुवात करू. सर्व्हरवर आलेली प्रत्येक विनंती एका थ्रेडच्या हाती दिली जाते आणि काम संपेपर्यंत तो थ्रेड अडकून राहतो. टॉमकॅटमध्ये कोणी काही बदलले नाही, तर अशा थ्रेडची कमाल संख्या २०० असते. आता साधा गुणाकार करा. दर सेकंदाला ४० विनंत्या येत असतील आणि प्रत्येकीला अर्धा सेकंद लागत असेल, तर कोणत्याही क्षणी सरासरी २० थ्रेड कामात असतात. डेटाबेसमधील शोध वेगवान करणारा एक इंडेक्स बिघडला आणि त्याच विनंतीला अर्ध्या सेकंदाऐवजी पाच सेकंद लागू लागले, तर तोच गुणाकार २०० वर जातो. विनंत्या वाढलेल्या नाहीत, ग्राहक वाढलेले नाहीत, तरीही पूल, म्हणजे थ्रेडचा ठरलेला साठा, भरला आणि पुढच्या प्रत्येकाला रांगेत उभे राहावे लागले. हा हिशेब जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केलेल्या नियमाचा आहे, आणि माझ्या मते सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला तो तोंडपाठ असायला हवा.

यातली फसवी गोष्ट अशी की या अवस्थेत मशीन अगदी शांत दिसते. सगळे थ्रेड डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहत बसलेले असतात, त्यामुळे प्रोसेसरचा वापर दहा टक्क्यांच्या आसपास असतो, आणि फक्त प्रोसेसरवर नजर ठेवणारा माणूस छातीठोकपणे सांगतो की सर्व्हर उत्तम आहे. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने जे जातात त्यांना हे चटकन समजेल. पलीकडच्या धक्क्यावर गाड्या उतरायला वेळ लागू लागला, की अलीकडे रांग लागते. बोटीचे इंजिन तपासून त्या रांगेचे कारण सापडणार नाही. म्हणून रोज पाहायचे आकडे म्हणजे किती थ्रेड कामात आहेत, किती विनंत्या रांगेत आहेत आणि एका विनंतीला किती वेळ लागतो आहे. वेबलॉजिकमध्ये एखादा थ्रेड ६०० सेकंद एकाच कामात अडकला, की तो अडकल्याची नोंद लॉगमध्ये येते. ६०० सेकंद म्हणजे दहा मिनिटे. काउंटरसमोर उभ्या असलेल्या खातेदाराच्या दृष्टीने हा इशारा फार उशिरा आलेला असतो, त्यामुळे केवळ त्यावर विसंबून राहू नये.

विनंतीला लागणाऱ्या वेळेविषयी आणखी एक सांगायला हवे. सरासरी पाहू नका. शंभरातल्या ९५ विनंत्या २०० मिलिसेकंदांत आणि पाच विनंत्या दहा सेकंदांत पूर्ण झाल्या, तर सरासरी सुमारे ७०० मिलिसेकंद येते आणि तो आकडा कोणाच्याच अनुभवाला लागू पडत नाही. ९५ जणांना तो जास्त वाटेल आणि पाच जणांच्या हालांची त्यात दाद लागणार नाही. सगळ्या वेळा चढत्या क्रमाने मांडून पन्नासाव्या, पंचाण्णवाव्या आणि नव्व्याण्णवाव्या टक्क्याला काय आहे ते पाहावे. नव्व्याण्णवावा आकडा आधी हलतो आणि बाकीचे त्याच्या मागून जातात.

कनेक्शन पूलच्या, म्हणजे डेटाबेससाठी तयार ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्याच्या, बाबतीत मी स्वतः जे भोगले ते सविस्तर सांगतो, कारण त्यातून मी हे काम शिकलो. किनारपट्टीवरच्या एका वित्तसंस्थेचे सर्व्हर तेव्हा आमच्याकडे होते. रोज सकाळी दहाला कामकाज सुरू झाले, की पहिली काही मिनिटे पडदे गोठत. फोन येत, आम्ही सर्व्हर रिस्टार्ट करत असू, आणि सगळे सुरळीत होई. हे काही आठवडे चालले. रिस्टार्टने बरे वाटते आहे, म्हणजे दोष सर्व्हरमध्ये आहे, असा आमचा समज झाला आणि आम्ही चक्क सकाळी पावणेदहाला आपोआप रिस्टार्ट होण्याची व्यवस्था करून टाकली. एके दिवशी ती व्यवस्था चालली नाही, ज्याच्या हाती अधिकार होता तो सहकारी महामार्गावर परशुराम घाटात अडकला होता, आणि कोणीच काही केले नाही. सव्वादहाच्या सुमारास पडदे आपोआप चालू झाले.

त्या पंधरा मिनिटांनी आम्हाला विचार करायला लावले. दुसऱ्या दिवशी रिस्टार्ट न करता आम्ही थ्रेड डंप घेतले, म्हणजे प्रत्येक थ्रेड त्या क्षणी नेमक्या कोणत्या ओळीवर उभा आहे याची यादी काढली. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने असे तीन डंप घेतले. तिन्हींमध्ये तेच थ्रेड त्याच जागी, डेटाबेसकडून उत्तर वाचण्याच्या ओळीवर थांबलेले होते. डेटाबेसकडे चौकशी केली, तर त्याच्यापर्यंत कोणताही प्रश्न पोहोचलेला नव्हता. दोघांच्या मध्ये नेटवर्कवरची ये-जा तपासणारी फायरवॉल होती आणि ती बराच वेळ निष्क्रिय राहिलेली कनेक्शन कोणालाही न कळवता विसरून जात असे. रात्रभर वापर नसल्यामुळे पूलमधील सगळी कनेक्शन मेलेली असत, पण सर्व्हरच्या लेखी ती जिवंतच होती. सकाळचा पहिला प्रश्न अशा मेलेल्या वाटेवर पाठवला जाई, सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम, लिनक्स, तो पुन्हा पुन्हा पाठवून पाही आणि सुमारे पंधरा मिनिटांनी हार मानी. लिनक्समध्ये निष्क्रिय कनेक्शन जिवंत आहे का हे विचारण्याची मूळ मुदत ७२०० सेकंद, म्हणजे दोन तास आहे आणि तेही ॲप्लिकेशनने ती सोय चालू केली असेल तरच. फायरवॉलची मुदत त्याहून कमी असेल, तर या विचारपूशीचा काहीच उपयोग होत नाही.

उपाय दोन ओळींचा होता. कनेक्शनचे कमाल आयुष्य फायरवॉलच्या मुदतीपेक्षा कमी ठेवायचे आणि पूलमधून कनेक्शन देण्याआधी ते तपासायचे. मात्र त्या तपासणीला स्वतःची काही सेकंदांची कालमर्यादा हवी, कारण मेलेल्या वाटेवर तपासणीचा प्रश्नही तितकाच वेळ अडकतो. दोन ओळींच्या उपायासाठी आम्ही काही आठवडे शेकडो खातेदारांना रोज सकाळी ताटकळत ठेवले, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून माझ्या हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की रिस्टार्ट करायला हरकत नाही, ग्राहक खोळंबलेला असताना तो करावाच लागतो, पण त्याआधी तीन थ्रेड डंप घ्या. त्याला एक मिनिटही लागत नाही. रिस्टार्टबरोबर सगळा पुरावा पुसला जातो आणि तोच बिघाड पुन्हा येतो तेव्हा तुम्ही पहिल्या दिवसाइतकेच अजाण असता.

याच पूलचा दुसरा, अधिक नित्याचा विकार म्हणजे गळती. प्रोग्रॅममध्ये कनेक्शन घेतले जाते आणि एखाद्या चुकीच्या वळणावर ते परत करायचे राहून जाते. पूलमध्ये ५० कनेक्शन असतील आणि दिवसाला दोन गळत असतील, तर तीन आठवडे कोणालाच काही कळत नाही. रोज पहाटे चार वाजता, व्यवहार जवळजवळ शून्य असताना, किती कनेक्शन वापरात दिसतात ते लिहून ठेवा. तो आकडा शून्याच्या जवळ हवा. तो दोन, चार, सहा असा चढत असेल, तर बिघाडाची तारीख तुम्हाला आधीच सांगता येईल.

मेमरीच्या बाबतीत मात्र माझ्या मते आपल्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला शहरातल्या माणसापेक्षा लवकर समजते. जावाच्या हीपचा ग्राफ करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. मेमरी भरत जाते, गार्बेज कलेक्शन होते, म्हणजे नको झालेला डेटा काढला जातो, ती उतरते आणि पुन्हा भरू लागते. नवा ॲडमिन शिखराकडे पाहून घाबरतो, कारण हीप ८५ टक्के भरलेले दिसते. पण भरती आली म्हणून मिऱ्याच्या किनाऱ्यावर कोणी घाबरत नाही. पाहायची असते ती ओहोटीची रेषा. पूर्ण कलेक्शन झाल्यावर मेमरी कुठपर्यंत उतरते, हे दररोज पाहा. सोमवारी ती दोन जीबीपर्यंत उतरत होती, बुधवारी अडीचपर्यंत आणि शुक्रवारी सव्वातीनपर्यंतच उतरली, म्हणजे ओहोटीला नेहमी उघडा पडणारा खडक आता पाण्याखालीच राहू लागला आहे. कोणता तरी कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेला तात्पुरता साठा, कधीच रिकामा होत नाही, किंवा लॉग-आउट न केलेली सत्रे साचत चालली आहेत. अशा वेळी दुर्घटनेला अजून काही दिवस बाकी असतात आणि ते दिवस कामी लावता येतात.

हीप जवळजवळ भरले, की कलेक्शन वारंवार होऊ लागते आणि प्रत्येक वेळी सगळे थ्रेड काही सेकंद थांबवले जातात. या काही सेकंदांत लोड बॅलन्सरने सर्व्हरची विचारपूस केली आणि उत्तर मिळाले नाही, तर तो त्या सर्व्हरला रांगेतून बाहेर काढतो. त्याचा भार उरलेल्यांवर पडतो, त्यांचेही हीप लवकर भरते आणि एकामागून एक सगळे सर्व्हर खाली बसतात. क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या गटात, चार सर्व्हर असले म्हणजे आपण सुरक्षित आहोत, ही समजूत अशा रात्री गळून पडते. प्रत्येक सर्व्हर रोजच्या गर्दीच्या वेळीच ८० टक्के भरलेला असेल, तर चारपैकी एकाचाही भार बाकीच्या तिघांना पेलत नाही.

हीप पूर्ण भरल्यावर त्याचे चित्र, म्हणजे हीप डंप, आपोआप फाइलमध्ये उतरावे, अशी सोय जावामध्ये आहे आणि ती प्रत्येक सर्व्हरवर चालू असायला हवी. दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. ती फाइल जवळजवळ हीपइतकी मोठी असू शकते, तेव्हा तेवढी जागा डिस्कवर राखून ठेवा. आणि त्या फाइलमध्ये खातेदारांची नावे, शिल्लक, कधी कधी पासवर्डसुद्धा उघड्या स्वरूपात असतात. ती पेन ड्राइव्हवर घालून किंवा ई-मेलने कोणाकडे पाठवणे हा विश्वासघात आहे, मग हेतू कितीही चांगला असो. कधी कधी मात्र जावाचा कोणताही संदेश न उमटता प्रक्रिया, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅमच, नाहीशी झालेली दिसते. तेव्हा जावाचा लॉग चाळत बसू नका, लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे गाभ्याचा, लॉग पाहा. मशीनची एकूण मेमरी संपल्यावर कर्नल सर्वांत जड प्रक्रियांपैकी एखादी मारून टाकतो आणि त्याची नोंद तिथेच होते. आज कंटेनरच्या व्यवस्थेत मेलेली प्रक्रिया काही सेकंदांत आपोआप पुन्हा उभी राहते. ही मोठी सोय आहे, पण किती वेळा ती पुन्हा उभी राहिली हा आकडा रोज पाहिला नाही, तर आमच्या त्या पावणेदहाच्या रिस्टार्टसारखेच रोगावर पांघरूण पडते.

डिस्क भरणे हा सर्वांत साधा आणि सर्वांत टाळता येण्याजोगा बिघाड आहे. लॉगच्या फाइली ठरावीक आकारानंतर बदलत राहतील आणि जुन्या दाबून ठेवल्या जातील, अशी व्यवस्था पहिल्या दिवशीच करावी. इथे नवशिक्यांची नेहमी होणारी एक फसगत सांगून ठेवतो. चालू सर्व्हर ज्या फाइलमध्ये लिहितो आहे ती मोठी झाली म्हणून पुसून टाकली, तर नाव दिसेनासे होते पण जागा मोकळी होत नाही, कारण प्रक्रियेने ती फाइल धरून ठेवलेली असते. फाइल न पुसता आतून रिकामी करावी लागते. शिवाय लॉग हवे तेव्हा पुसण्याची मुभाही आता आपल्याला नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात, सायबर घटनेची माहिती कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि घड्याळे अधिकृत सर्व्हरशी जुळवून ठेवावी लागतात. घड्याळाची अट अनेकांना कागदोपत्री वाटते. पण चार सर्व्हर, एक डेटाबेस आणि एक लोड बॅलन्सर यांचे लॉग समोर ठेवून आधी काय घडले हे शोधण्याची वेळ येते, तेव्हा दोन मिनिटे पुढे असलेले एकच घड्याळ कारणाला परिणाम आणि परिणामाला कारण ठरवते.

सर्टिफिकेटबद्दल, म्हणजे वेबसाइटची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याबद्दल, थोडक्यात सांगतो. सप्टेंबर २०२० पासून वेबसाइटच्या सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवस झाली, त्यामुळे वर्षातून एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून भागत असे. यापुढे ते भागणार नाही. ठरलेल्या टप्प्यांनुसार ही मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी उतरत जाते. नूतनीकरण यंत्राकडे सोपवावेच लागेल. पण तपासणी करताना फाइलवरची तारीख पाहू नका, बाहेरून त्या पत्त्याशी प्रत्यक्ष जोडणी करून सर्व्हर कोणते सर्टिफिकेट दाखवतो ते पाहा. फाइल नवी आली आणि सर्व्हरने ती वाचलीच नाही, हा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे.

आता इशाऱ्यांकडे, म्हणजे अलर्टकडे वळतो. नागिओस १९९९ पासून आहे, प्रोमिथियस २०१२ मध्ये सुरू झाले, आणि साधनांची आज वाण नाही. वाण आहे ती इशारा कशासाठी वाजवायचा या विचाराची. दिवसाला ३०० ई-मेल येत असतील, तर तिसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी वेगळा फोल्डर तयार होतो आणि नंतर तो कोणी उघडत नाही. माझा नियम असा आहे की मध्यरात्री ज्याला उठवायचे, त्याने उठून नेमके काय करायचे हे इशाऱ्यातच लिहिलेले असले पाहिजे. करण्यासारखे काही नसेल, तर तो इशारा रात्री वाजता कामा नये. डिस्क ९० टक्के भरली, या इशाऱ्याने फारसे काही कळत नाही, कारण ती गेले वर्षभर ९० टक्के असेल. सध्याच्या वेगाने ती सहा तासांत भरणार आहे, हे सांगणारा इशारा माणसाला उठवण्याच्या लायकीचा आहे.

इशारे न येण्याबद्दल मला अधिक काळजी वाटते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर आले. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागांत त्यानंतर कित्येक दिवस वीज आणि मोबाइल नव्हते. मुंबईत किंवा पुण्यात बसलेल्या घरच्यांना त्या दिवसांत गावाकडून कोणतीही वाईट बातमी आली नाही, आणि बातमी न येणे हीच सर्वांत वाईट गोष्ट होती. देखरेख करणारे यंत्र ज्या खोलीत, ज्या विजेवर, ज्या फायबरवर चालते, त्यावरच सर्व्हरही चालत असतील, तर दोघे एकदम गप्प होतात आणि पडदा हिरवाच राहतो. महामार्गाच्या रुंदीकरणात फायबर तुटण्याचा अनुभव इथल्या प्रत्येकाला आहे. म्हणून एक तरी तपासणी जिल्ह्याबाहेरून, ग्राहक जसा येतो त्याच वाटेने, लॉग-इन करून एखादी शिल्लक विचारण्यापर्यंत व्हायला हवी. आणि देखरेख करणाऱ्या यंत्राने दर पाच मिनिटांनी बाहेर कुठे तरी आपण जिवंत असल्याची हाक द्यावी. ती हाक चुकली, की पलीकडच्याने माणसाला उठवावे.

बॅकअपविषयी फार बोलत नाही, कारण या जिल्ह्यात ते सांगण्याची गरज नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेतले तळमजले पाण्याखाली गेले, तेव्हा सर्व्हर आणि बॅकअप एकाच खोलीत ठेवणे म्हणजे काय हे सगळ्यांनी पाहिले आहे. एवढेच सांगतो की ॲप्लिकेशन सर्व्हरच्या बाबतीत डेटाबेसचा बॅकअप पुरेसा होत नाही. पूलच्या मर्यादा, पोर्ट, की-स्टोअर (सर्टिफिकेट आणि किल्ल्यांची फाइल), सुरू करताना द्यायचे पर्याय ही सारी मांडणी कुठे तरी लिहिलेली हवी आणि दर तीन महिन्यांनी रिकाम्या मशीनवर त्यावरून सर्व्हर उभा करून पाहायला हवा.

पावसाळ्याआधी आपण घर शाकारतो. कौल उतरवून, फुटके बाजूला काढून, नवे बसवतो आणि ते मेअखेर उरकतो. पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या दोषांची दुरुस्ती, लावणे मला तसे वाटते. ओरॅकलचे सुरक्षेचे पॅच जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर असे तिमाहीने येतात, त्यामुळे तारखा आधीच ठाऊक असतात आणि नियोजन करता येते. किनाऱ्यावरच्या यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, त्या काळात होडी ओढून तिची डागडुजी होते. आपल्या सर्व्हरला अशी दोन महिन्यांची उसंत नाही, म्हणून क्लस्टरमधील एक सर्व्हर लोड बॅलन्सरवर नव्या विनंत्यांसाठी बंद करायचा, त्यावर चालू असलेली सत्रे संपू द्यायची, मग पॅच लावून, सुरू करून, लॉग वाचून, अर्धा तास निरखून झाल्यावरच पुढच्या सर्व्हरला हात लावायचा.

काही वेळा मात्र तारीख ठरवण्याची सवड मिळत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीतील दोष उघड झाला आणि जगभरचे ॲडमिन एका रात्रीत कामाला लागले. दोष कसा दुरुस्त करायचा हे लवकर कळले. आपल्याकडे ती लायब्ररी नेमकी कुठे कुठे आहे, हेच अनेकांना सांगता येईना. ज्यांच्याकडे कोणत्या सर्व्हरवर कोणते ॲप्लिकेशन, त्यात कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती अशी अद्ययावत वही होती, त्यांनी यादी काढून काम सुरू केले. बाकीचे एकेक मशीन उघडून फाइली शोधत राहिले. ही वही ठेवणे कंटाळवाणे आहे हे मान्य, पण या कामात मला जर एकच गोष्ट करण्याची परवानगी असती, तर मी ती वही ठेवली असती.

शेवटचा मुद्दा पाळी बदलण्याचा आहे. आपल्याकडची अनेक मुले-मुली आता देवरुख, लांजा, कुडाळसारख्या ठिकाणी घरी बसून दूरदेशीच्या सर्व्हरची रात्रपाळी करतात, आणि सकाळी दुसऱ्या कोणाकडे काम सोपवतात. त्या सोपवणीत ‘सर्व ठीक’ असे लिहिण्याची पद्धत पडली आहे. ते दोन शब्द वाचून पुढच्या माणसाला काहीच मिळत नाही. त्याऐवजी रात्री जे पाहिले ते लिहावे. ‘तीन क्रमांकाच्या सर्व्हरवर पूर्ण कलेक्शननंतर हीप २.४ जीबीपर्यंत उतरले, काल २.१ होते. पहाटे चारला सहा कनेक्शन वापरात दिसली, त्या वेळी व्यवहार नव्हता. थ्रेड डंप तीन घेतले आहेत, फाइली नेहमीच्या जागी आहेत. रिस्टार्ट केलेला नाही. सकाळी दहाच्या गर्दीनंतर दोन्ही आकडे पुन्हा पाहावेत, आणि कनेक्शन आठच्या वर गेल्यास ॲप्लिकेशनच्या गटाला फोन करावा.’ हे लिहायला पाच मिनिटे लागतात, आणि सकाळी येणारा माणूस त्या मार्गावर आदल्या रात्रीपासून चालत असल्यासारखा कामाला लागतो.